भोंग्याची सहावी आवृत्ती

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर बुद्धप्रियाच्या घरी पाळणा हलला, ते साल दोन हजार चोवीस. त्याच साली तिच्या थोरल्या भावाने, यशपालने, भोंग्याची सहावी आवृत्ती काढली. घरात त्या वर्षाचा विषय निघाला की या दोन्ही गोष्टी एका दमात निघतात, आणि मग कुणीतरी उठून पाणी आणायला जातं.

भोंगा म्हणजे वाजणारी वस्तू नव्हे. संगणकातला तो एक लहानसा प्रोग्रॅम. त्याला चित्र नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायचं की सकाळी सहाला हे काम, दुपारी दोनला ते काम, आणि विसरून जायचं. वेळ झाली की भोंगा ते काम सुरू करून देणार. यशपाल सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचा आणि एका कॉलेजच्या संगणक विभागात तंत्रसहायक होता. कॉलेजच्या सर्व्हरसाठी त्याने बारा वर्षांपूर्वी हा प्रोग्रॅम लिहिला आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. ज्याला हवा त्याने न्यावा, वापरावा, चूक सापडली तर कळवावी, जमलं तर दुरुस्त करून पाठवावी. लोकांनी नेला. कुठे कुठे नेला हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणाची तक्रार आली की नकाशात ते गाव शोधायचं आणि म्हणायचं, इथंही पोचला म्हणायचा.

तक्रारी रोज येत. सकाळी अंघोळ करून यशपाल लॅपटॉप उघडायचा आणि कामावर जायच्या आधी दीड तास त्या निस्तरायचा. कुणाच्या देशात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे सरकतं आणि भोंगा गोंधळतो. कुणाच्या फाइलीत शेवटच्या ओळीनंतर एक जागा मोकळी राहते आणि भोंगा हटून बसतो. याचा पगार नव्हता, नावही नव्हतं. आई मीनाबाई म्हणायची, लोकांची धुणी धुतोयस. तो हसायचा. पण एखादी चूक सापडली, दुरुस्त झाली, सगळ्या चाचण्या ओळीने पार पडल्या, की त्याला जे वाटायचं ते आईला सांगता आलं नसतं.

नाव भोंगा ठेवलं ते वडिलांवरून. ईश्वरआबा गिरणीत सव्वीस वर्षं होते. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, पण त्यांचा दिवस अजून त्याच वेळांवर चालायचा. पन्नाशीनंतर वस्तीतल्या वर्गात जाऊन ते अक्षरं शिकले होते. यशपालने भोंग्याची माहितीपुस्तिका मराठीत लिहिली तेव्हा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस आबाच. ओळीखाली बोट धरून त्यांनी चार दिवसांत ती संपवली आणि पाचव्या दिवशी विचारलं, मशीन बंद असताना वेळ होऊन गेली तर पुढं काय करायचं, ते कुटं लिहिलंय? यशपालने ते लिहिलंच नव्हतं. मग आबांनी सांगितलं ते असं. गिरणीत वीज गेली की माणसं यंत्रात हात घालून अडकलेला कापूस काढायची. वीज आली तरी एकही यंत्र लगेच सुरू होत नसे. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दोन ओळींमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा, प्रत्येकाचे दोन्ही हात बघायचा आणि मगच आपला हात वर करायचा. त्याच्या आधी कुणी खटका दाबला तर त्याला त्या दिवशी गेटाबाहेर काढत. यशपालने तेव्हा पुस्तिकेत एक वाक्य घातलं आणि कोडही तसाच ठेवला: चुकलेली वेळ चुकली; भोंगा ती भरून काढत नाही.

याच वाक्यावरून जगभरातली माणसं त्याच्यावर चिडलेली होती. सर्व्हर रात्री बंद पडतो, सकाळी चालू होतो, आणि मधल्या वेळी व्हायचा बॅकअप होतच नाही. मग डिस्क जाते आणि वर्षाचं काम बुडतं. भोंग्याने यंत्र चालू होताच राहिलेली कामं आपणहून उरकावीत, ही मागणी सहा वर्षं उघडी होती. खाली शेकडो जणांनी सही केल्यासारखे पाठिंब्याचे अंगठे उमटवले होते. कुणी नम्रपणे विचारायचं, कुणी म्हणायचं हा सोलापूरचा माणूस हेकट आहे, याच्या हातून प्रोग्रॅम काढून घ्या. यशपाल प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचा. पण सहा वर्षं तेच उत्तर देणारा माणूस थकतो.

त्यात पुण्याचा अवधूत आला. कधी भेट नाही, फक्त ईमेलमधली पत्रं. पण काम असं नीटनेटकं की यशपालला हेवा वाटावा. त्याने राहिलेली कामं भरून काढणारा कोड लिहिला, त्याच्या चाळीस चाचण्या लिहिल्या, पुस्तिकाही सुधारली. यशपाल म्हणाला, ठीक आहे, पण ज्याला हवं त्याने ते चालू करून घ्यावं. मुळात बंद असू दे. अवधूतने शांतपणे लिहिलं की पुस्तिका कुणी वाचत नाही. ज्यांचा बॅकअप बुडतो ती माणसं वाचणारी नसतातच. मुळात चालू ठेवा, ज्याला नको त्याने एक ओळ लिहून बंद करावं. दोन आठवडे पत्रं चालली. अवधूतचं म्हणणं खोटं नव्हतं. यशपालने शेवटी होकार दिला आणि त्या दिवशी त्याला हलकं वाटलं.

संध्याकाळी जेवताना त्याने हे आबांना सांगितलं. आबांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"आणि जॉबर कोन?" त्यांनी विचारलं.

यशपालने समजावलं की सर्व्हरमध्ये कुणी हात घालत नाही. त्यात फक्त फाइली असतात.

"सगळ्यांच्यात फायलीच असत्यात व्हय? तूच म्हनतोस, कुटं कुटं गेलाय ते म्हायती न्हाय."

"आबा, पाण्याच्या मोटारीवर कोण भोंगा लावतंय? एक आपले दाजी सोडले तर."

मीनाबाई म्हणाली की बुद्धप्रियाच्या पोरीच्या नामकरणाला जायचंय, तिथं तरी हे मशीनपुराण काढू नका.

दाजी म्हणजे जोतिराम, बुद्धप्रियाचा नवरा. उजनी धरणाच्या काठच्या गावात त्याची दीड एकर केळी. मोटार पाण्याच्या कडेला. तीन वर्षांपूर्वी यशपालने त्याला एक लहानसा संगणक बसवून दिला होता, चपटी पेटी, तिच्यात सिमकार्ड. पेटीत भोंगा. रोज सकाळी सहाला भोंगा एकच काम सुरू करायचा: तीन तास मोटार चालू, मग बंद. जोतिरामला रोज पहाटे पाण्यापर्यंत चालत जायची गरज उरली नाही. यशपालला मात्र त्या पेटीचं वेगळंच कौतुक होतं. तिथली वीज वाटेल तेव्हा जायची, सिमला धड रेंज नसायची. इथे जो भोंगा टिकेल तो कुठेही टिकेल. म्हणून नवीन आवृत्ती निघाली की सगळ्यात आधी ती जोतिरामच्या पेटीत जायची.

त्या काठावर एक रीत होती. पाण्यात उतरायचं असलं, मोटारीच्या जाळीत अडकलेलं शेवाळ काढायचं असलं, पाइपाचा जोड आवळायचा असला, की आधी खांबावरच्या पेटीतले फ्यूज काढायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. खिशात फ्यूज खडखडले की माणूस निर्धास्त. संगणकाची पेटी बसवली त्या दिवशी जोतिरामने यशपालला नीट विचारून घेतलं होतं. सहाला वीज नसली आणि दहाला आली, तर हे यंत्र दहाला मोटार सुरू करेल का? यशपालने सांगितलं होतं, नाही दाजी. सहा गेले की गेले. मग उद्या सहालाच.

नामकरण सात एप्रिलला, रविवारी झालं. वंदना झाली, खीर झाली, मुलीचं नाव धम्मप्रिया ठेवलं. जेवणं लागायला वेळ होता म्हणून जोतिराम यशपालला पाण्याकडे घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात पाणी इतकं मागे हटलं होतं की जिथे होड्या लागायच्या तिथे भेगाळलेली काळी माती पसरली होती आणि तिच्यात शिंपले चमकत होते. पाणी हटेल तशी मोटार पुढे न्यायची, केबल लांबवायची. केबलला तीन ठिकाणी जोड दिलेले, वर काळी टेप गुंडाळलेली, आणि शेवटचा जोड पाण्यात.

वीज नव्हती. जोतिरामने पायजमा गुडघ्यावर घेतला आणि तो सरळ पाण्यात शिरला. यशपालने खांबाकडे पाहिलं. फ्यूज जागेवर होते.

"दाजी, फ्यूज काढले नाहीत."

"कशाला?" जोतिराम वाकून जाळीवरचं शेवाळ ओरबाडत होता. "सहा वाजून गेले की. आता तुमचा भोंगा उद्यापातूर तोंड उघडत न्हाय. लई शिस्तीचा हाय, माझ्या सासऱ्यावानी."

"कधीपासून काढत नाही?"

"पेटी बसवल्यापासनं. तुमीच सांगितलं की."

यशपाल पाण्याच्या कडेपर्यंत गेला. त्याने सांगायला सुरुवात केली की आता नवीन आवृत्ती येतेय, तिच्यात थोडा बदल आहे, राहिलेलं काम भोंगा नंतर करणार. जोतिरामने शेवाळाचा गोळा काठावर फेकला आणि विचारलं, मग माझ्याकडचा पण करनार का? यशपाल म्हणाला, नाही, तुमच्याकडे मी ते बंद करून देतो, आत्ताच. तेवढ्यात घराकडून पोरं हाका मारत आली की पंगत बसली. जोतिराम हात धुऊन निघाला. त्याच्या डोक्यात गोष्ट मिटली होती. मेव्हण्याने बंद करतो म्हटलं म्हणजे बंद.

वीज आल्यावर यशपालने पेटी उघडून फाइलीत ती ओळ घातली: राहिलेलं काम करू नको. भोंग्याने फाइलच नाकारली. पेटीतली आवृत्ती जुनी होती. तिला हा नवा शब्द माहीत नव्हता, आणि अनोळखी शब्द दिसला तर अख्खी फाइल नाकारायची ही शिस्त यशपालनेच तिला लावलेली. ओळ तशीच ठेवली तर उद्या सकाळी मोटार सुरूच होणार नव्हती, आणि केळीला त्या उन्हात एक दिवसही पाणी चुकवून चालणार नव्हतं. मग अशा वेळी त्याच्या धंद्यातला कुणीही जे करतो ते त्याने केलं. ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण टाकली. खूण टाकलेली ओळ भोंगा वाचत नाही. ओळ राहिली, पण झोपलेली. नवीन आवृत्ती टाकताना सोलापुरातूनच पेटीत शिरायचं आणि ती खूण पुसायची, असं त्याने ठरवलं. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

एक गोष्ट तो विसरला. जोतिरामच्या पेटीत नवीन आवृत्ती आपोआप उतरावी अशी सोय त्याने स्वतःच दोन वर्षांपूर्वी केली होती. दर वेळी आत शिरायचा कंटाळा यायचा म्हणून.

सहावी आवृत्ती अठरा एप्रिलला, गुरुवारी, दुपारी प्रसिद्ध झाली. शुक्रवारभर आणि शनिवारी अभिनंदनाची पत्रं येत राहिली. जे हेकट म्हणायचे तेच आता आभार मानत होते. शनिवारी जोतिरामकडची खूण पुसायचं वहीतलं वाक्य यशपालला दिसलं, पण पेटीत अजून जुनीच आवृत्ती आहे अशी त्याची समजूत होती. ती टाकायचं काम त्याचंच होतं, मग घाई कसली. सोमवारी करू.

सोमवारी तो साडेनऊला कॉलेजात पोचला. प्रयोगशाळेत परीक्षेमुळे कुणी नव्हतं, पंखे फिरत होते. एका थंड देशातल्या माणसाचं पत्र आलेलं होतं. त्याने लिहिलं होतं की आमचं यंत्र तीन दिवस बंद होतं. आज सुरू केल्याबरोबर भोंग्याने राहिलेली सगळी कामं केली. मला नवीन आवृत्ती टाकावीही लागली नाही, ती आपोआप आलेली होती. धन्यवाद.

यशपाल हसला आणि उत्तर लिहू लागला. मग त्याचे हात थांबले. त्याने पत्रातला एक शब्द परत वाचला. आपोआप.

त्याने जोतिरामच्या पेटीत शिरायची आज्ञा दिली. पेटीने उत्तर दिलं नाही. पुन्हा दिली. नाही. मग त्याने पेटीला नुसती हाक मारत राहणारी आज्ञा सुरू केली. दर सेकंदाला पडद्यावर एक ओळ उमटायला लागली: पोचता येत नाही. पोचता येत नाही. पोचता येत नाही. पेटी बंद होती, म्हणजे तिकडे वीज नव्हती. वीज नसेपर्यंत त्याला ती खूण पुसता येणार नव्हती. आणि वीज येईल तेव्हा पेटी जागी होईल, घड्याळ बघेल, सहा वाजून गेल्याचं तिला दिसेल, आणि ती पहिलं काम ते करेल.

त्याने जोतिरामला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. बुद्धप्रियाचा फोन लागेना. कव्हरेज क्षेत्राबाहेर, कव्हरेज क्षेत्राबाहेर, असं बाई सांगत राहिली. सातव्या वेळी लागला.

"दाजी कुटंयत?"

"पाण्यावर गेल्यात. लाईट न्हाय पहाटंपासनं, म्हनले तवर जाळी साफ करतो. का रं?"

"त्यांचा फोन वाजतोय, उचलत नाहीत."

"सदऱ्यात असंल. सदरा काठावर काढून ठेवत्यात की."

"बुद्धे, पळ. त्यांना पाण्यातनं बाहेर काढ. फ्यूज काढायला सांग. फोन बंद करू नको."

तिने का म्हणून विचारलं नाही. लेकरू सासूच्या मांडीवर टाकल्याचं त्याला ऐकू आलं, मग दार, मग चपलांचा आवाज, मग चपला नाहीत, नुसता श्वास. पाणी जवळ असतं तर पाच मिनिटांचा रस्ता. त्या वर्षी पाणी दीड किलोमीटर लांब होतं.

यशपाल एका कानाला फोन धरून पडद्याकडे बघत राहिला. तिकडे तिचा श्वास, इकडे ओळी. पोचता येत नाही. इतकी वर्षं त्याने अशा ओळी पाहिल्या होत्या आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, ये, लवकर जागा हो. आज प्रत्येक ओळ आली की त्याला बरं वाटत होतं. अजून एक. अजून एक. तिचा श्वास आता फाटल्यासारखा येत होता. तिने मध्येच एवढंच म्हटलं की दिसायला लागलेत, पाण्यात वाकलेत. यशपाल म्हणाला, हाक मार. ती म्हणाली, ऐकू जात न्हाय, वारा हाय.

मग पडद्यावर वेगळी ओळ उमटली. पेटीने उत्तर दिलं होतं.

तो आत शिरला. त्याची बोटं कधी नव्हे ती चुकली, पासवर्ड दोनदा लिहावा लागला. भोंगा प्रत्येक कामाची नोंद ठेवतो, त्या नोंदीची शेवटची ओळ समोर होती: सहाची चुकलेली वेळ, काम सुरू केलं, दहा वाजून सव्वीस मिनिटं. शब्द अवधूतचे होते. नोंद सगळ्यांना समजेल अशी असावी म्हणून त्याने ते फार काळजीने निवडले होते. यशपालने मोटार बंद करायची आज्ञा दिली. ती लगेच पाळली गेली. सुरू होण्यात आणि बंद होण्यात एकूण अकरा सेकंद गेले होते.

फोनमध्ये आधी वारा होता. मग बुद्धप्रिया नवऱ्याला हाका मारत होती, अहो, अहो, अशा, जवळून, जशी झोपलेल्या माणसाला उठवतात.

यशपाल उठला आणि पुन्हा खाली बसला. सहावी आवृत्ती अजून बाहेर होती. आणखी कुठेतरी कुणाची मोटार असेल, कुणाच्या यंत्राचा पट्टा असेल, कुणाचे हात असतील. कोण कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि कळणारही नव्हतं. त्याने आवृत्ती मागे घेतली, राहिलेलं काम भरून काढायची सोय मुळात बंद केली, चाचण्या चालवल्या आणि दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध केली. या सगळ्याला चौदा मिनिटं लागली. फोन तेवढा वेळ टेबलावर चालू होता. मग त्याने आबांना फोन केला आणि ते दोघं टेंभुर्णीच्या गाडीने जोतिरामच्या गावाला निघाले.

गाडीत आबांनी एकदाच तोंड उघडलं. विचारलं, तू त्याला सांगितलं होतंस का? यशपाल म्हणाला, अर्धं सांगितलं होतं.

अवधूतने नंतर तीन पत्रं पाठवली. यशपालने एकाचंच उत्तर दिलं, की चूक तुमची नव्हती, कोड बरोबर होता. ते खरंच होतं. भोंगा आता अवधूतच सांभाळतो. पुस्तिकेतलं ते जुनं वाक्य त्याने परत घातलं आहे.

जोतिराम, बुद्धप्रियाचा नवरा, सोमवार, बावीस एप्रिल दोन हजार चोवीस रोजी सकाळी दहा वाजून सव्वीस मिनिटांनी उजनीच्या पाण्यात विजेचा धक्का बसून मेला. त्याचं वय एक्केचाळीस होतं.